चंद्रीला विकू नका

पत्र : डॉक्टर काका, आमचं गाव बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मालक बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत कामाला जातात. शेत दोन एकर, सगळं भाताचं. गोठ्यात एक गावठी म्हैस चंद्री, एक एचएफची (होल्स्टीन फ्रिजियन या परदेशी जातीची) संकरित गाय, सासूबाईंची म्हातारी देशी गाय, चार शेळ्या आणि घरचाच एक बोकड. चंद्री दोन्ही वेळचं मिळून पाच लिटर देते, फॅट ७.२ लागतं. गाय अकरा लिटर देते, फॅट ३.४. पण गाय तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली, गाभण राहिलीच नाही. दीर म्हणतात, सगळं विकून टाका, कर्ज काढून हरियाणाच्या दोन मुऱ्हा म्हशी आणू, सव्वा लाखाला एक मिळते. सासूबाई चंद्रीला विकायला तयार नाहीत. मधे एक जण येऊन सांगून गेला की आता असं इंजेक्शन निघालंय, त्यानं रेडीच होते. हे खरं का? जनावरांची जात नक्की सुधारायची कशी? शेणघाण, वैरण, धार सगळं माझ्याच अंगावर आहे. माझं नाव छापू नका.

उत्तर : ताई, चंद्रीला विकू नका. तिच्या पोटची एक तरी रेडी तुमच्या गोठ्यात वाढून व्याल्याशिवाय तो विषयही काढू नका. सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. आता ते का बरोबर आहे, ते तुमच्याच आकड्यांवरून सांगतो.

चंद्रीच्या पाच लिटरमध्ये ७.२ फॅट म्हणजे दिवसाला साधारण ३६० ग्रॅम स्निग्धांश. गाईच्या अकरा लिटरमध्ये ३.४ फॅट म्हणजे ३७४ ग्रॅम. गाईचं दूध दुपटीहून जास्त दिसतं, पण कॅन भरला तरी त्यातलं तूप जवळपास तेवढंच. दूध संघ एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) धरतो आणि गाईच्या दुधाचा दरतक्ताही वेगळा असतो, तरीही ज्या म्हशीला घरात कोणी मोजत नाही ती किती देते, हे एकदा कागदावर बघायला हवं. तेही पिंजर म्हणजे भाताचा पेंढा, बांधावरचं गवत आणि मूठभर पेंडीवर.

आता मुऱ्हा. रोहतक, हिसार, जिंद भागातली ही म्हैस खरोखर नामांकित आहे, दिरांनी उगाच नाव घेतलेलं नाही. पण तिकडे तिच्यापुढे थंडीभर बरसीमच्या हिरव्या चाऱ्याचे भारे पडतात. म्हशीच्या दर दोन लिटर दुधामागे एक किलो पशुखाद्य आणि वर अंग राखायला किलो-दीड किलो, असा आमचा ठोकताळा आहे. बारा लिटरची म्हैस म्हटली की साडेसात किलो, दोन म्हशींना रोजचं पंधरा किलो खाद्य. शिवाय प्रत्येकीला पंचवीस-तीस किलो हिरवी वैरण. दोन एकर भाताच्या घरात ती कुठून येणार? आणि ती कापून डोक्यावरून आणणार कोण, ते तुम्ही पत्रात लिहिलंच आहे.

त्यात दीड हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, मग जांबोटीचा पाऊस. चार महिने ओल न सुटणारा गोठा, खुरांना चिखल, कासेला चिखल. विकत घेताना तुम्ही बघता ते एका दिवसाचं दूध, तेही बऱ्याचदा आदली धार न काढता तुंबवलेलं. तिची आई कशी होती, ती किती महिन्यांनी व्याते, आधी किती वेळा उलटली, यातलं काहीही बाजारात कळत नाही.

एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत जाणाऱ्या महिन्यांचा हिशेब तर आपल्याकडे कोणी करतच नाही. समजा चंद्री वेतभर सरासरी चार लिटर देते, २८० दिवस, आणि दर चौदा महिन्यांनी व्याते. म्हणजे एका वेताचं ११२० लिटर, महिन्याला ८० लिटर पडले. विकतची म्हैस सरासरी साडेसहा लिटर, ३०० दिवस, म्हणजे १९५० लिटर देईल. पण इथली हवा न मानवल्यामुळे ती बावीस महिन्यांनी व्याली, तर महिन्याला साधारण ८९ लिटरच झाले. नऊ लिटरच्या फरकासाठी सव्वा लाख आणि रोजची पेंड! जनावर बघताना मी आधी वेळेवर फळणं म्हणजे गाभण राहणं बघतो, दूध त्याच्यानंतर.

म्हणजे चंद्री आहे तशीच राहू द्यायची का? नाही. सुधारायची ती तिची लेक.

वासराला निम्मं रक्त आईकडून येतं, निम्मं बापाकडून. एका म्हशीच्या घरात आई निवडायला वावच नसतो, आहे ती आहे. मोठ्या गोठ्यातला माणूस पन्नासांतल्या दहा ठेवील, चाळीस काढील. तुम्हाला ते जमणार नाही. बाप मात्र तुम्हाला देशातल्या उत्तमांतला निवडता येतो, आणि तोही एका कांडीच्या, म्हणजे नळीत गोठवलेल्या रेताच्या, पैशात. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या या कांड्या एकेका वळूच्या वर्षाला हजारोंनी भरतात. त्यामुळे केंद्रावर वळू फार पारखून घेतला जातो. क्षयरोग, ब्रुसेल्लोसिस, जोन्स अशा रोगांच्या तपासण्या होतात. गावच्या मोकाट रेड्याची आई कोण होती, हे गावात कोणाला सांगता येईल का? गाभ टाकायला लावणारा ब्रुसेल्लोसिस एकीकडून दुसरीकडे तोच नेतो, आणि चार वर्षांनी स्वतःच्याच लेकींवर जातो.

रेडा स्वतः दूध देत नाही, मग त्याच्या रक्तात दूध किती हे कळायचं कसं? त्यासाठी त्याच्या कन्यांचं दूध मोजतात. पुष्कळ गावांत, पुष्कळ गोठ्यांत त्याच्या लेकी वाढवायच्या, व्याल्या की वेतभर दूध नोंदायचं आणि मग बापाला गुण द्यायचे. यात वर्षं जातात. म्हणून आता रक्ताच्या थेंबातली जनुकं वाचून वासराच्या लहानपणीच अंदाज बांधण्याची पद्धत आली आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते आपल्या देशी गाईंसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ सुरू झाली, ती याच कामाची. तुम्हाला चिपचं काही करायचं नाही. त्या निवडीचं फळ कांडीतून तुमच्या गोठ्यापर्यंत येतं. तुम्ही फक्त विचारायचं : ‘या वळूच्या कन्यांचं दूध मोजलंय का, की नुसत्या आईचं लिहिलंय?’ आणि कांडीवर छापलेला वळूचा नंबर उतरवून घ्यायचा. दवाखान्याची चिठ्ठी कन्नडमध्ये असेल, संस्थेची मराठीत असेल. नंबर दोन्हीकडे तोच. ३४ वर्षांच्या नोकरीत हा नंबर मला आपणहून विचारणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी भेटली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो नंबर लिहिलेला नसेल तर पुढच्या वेळी बाप-लेकीचा संबंध टाळायचा कसा?

कोणत्या जातीची कांडी घालायची? आधी चंद्रीची शिंगं नीट बघा. लांबलचक, तलवारीसारखी, खांद्याच्या मागे गेलेली असतील तर तिच्यात पंढरपुरीचं रक्त आहे. कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढतात, ती ही म्हैस. अर्धवर्तुळात वळून वशिंडाच्या जागेपर्यंत टेकल्यासारखी असतील तर धारवाडी. धारवाडी ही बेळगाव, धारवाड, बागलकोट, गदग या पट्ट्यातली आपलीच म्हैस. तिला आपण पिढ्यान् पिढ्या ‘गावठी’ म्हणत आलो. धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या माणसांनी तिचा अभ्यास केला आणि २०२१ साली तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. चंद्री यांपैकी एखादीच्या रूपाची स्पष्ट दिसत असेल तर त्याच जातीचं चांगलं रेत शोधा. मला विचाराल तर कमी वैरणीवर वेळेवर फळणाऱ्या पंढरपुरीकडे माझा कल आहे.

शिंगंही धड नाहीत, रूपही मिसळलेलं, असं असेल तर मुऱ्हाची कांडी घालायला माझी काहीच हरकत नाही. दिरांना मुऱ्हाच हवी आहे ना? मग ती कांडीतून घरी येऊ द्या. लेक निम्मी मुऱ्हा होईल, पण जांबोटीच्या पावसात जन्मलेली, तुमच्याच पिंजरावर वाढलेली, इथल्या गोचिडांची आणि ओलीची सवय असलेली. कर्ज नाही, हप्ता नाही.

दिरांना एक गोष्ट मात्र खरी सांगा, यात घाई चालत नाही. म्हशीचा गाभणकाळ दहा महिने दहा दिवसांचा. त्यानंतर रेडी नीट वाढवली तर साडेतीन वर्षांच्या आसपास व्याते, हेळसांड झाली तर पाच वर्षंही लागतात. आणि बापाचे सगळे गुण उतरतीलच असंही नाही. एकाच प्रकारच्या जनावरांमध्ये दुधाचा जो कमी-जास्तपणा दिसतो, त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्सा रक्ताचा असतो. बाकीचा चाऱ्याचा, पाण्याचा, गोठ्याचा आणि आजारपणाचा. फॅटमध्ये रक्ताचा वाटा याहून बराच मोठा. म्हणून चंद्रीचं ७.२ मला इतकं मोलाचं वाटतं.

रक्त आणि चारा यांचं नातं समजायला मेंढरांची एक गोष्ट सांगतो. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची बुटकी मेंढी आहे. तिच्यात एक जनुक असं आहे की एकाऐवजी जुळी, कधी तिळी कोकरं होतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं हे जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं आणि पुढे ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी घडवली. अंग बहुतांशी दख्खनीचं, पण जुळी देणारी. काम फार मोलाचं झालं. पण जुळी झाली की मेंढीला खुराक वाढवावा लागतो, दुसऱ्या कोकराला दूध पुरेल हे बघावं लागतं. फिरस्तीवरच्या धनगराला वाटेत चारा मिळाला नाही तर दुसरं कोकरू हातचं जातं. म्हणून त्या संस्थेची माणसं मेंढपाळांच्या कळपात जाऊन कोकरं जगतात किती, वाढतात किती, हे वर्षानुवर्षं मोजत बसली. जनुक पोटात कोकरू देतं, त्याला जगवायचं काम राहतंच.

तुमच्या घरी हे जगवायचं काम रेडी जमिनीवर पडल्यापासून पहिल्या तासात सुरू होतं. आपल्याकडे व्याल्यानंतर वार (जार) पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. ताई, ही रीत सोडा. वार सहा तासांनी पडो नाहीतर आठ, रेडीला पहिल्या तासाभरात पोटभर चीक मिळालाच पाहिजे. रोगाशी लढायची ताकद ती आईच्या पोटातून घेऊन येत नाही, चिकातूनच घेते, आणि जसजसे तास जातात तसतशी तिच्या आतड्यांची ती शोषून घ्यायची शक्ती संपत जाते. पहिले तीन-चार दिवस तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक रोज द्या. दहाव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्या. म्हशीच्या वासरांना आईच्याच दुधातून जंत येतात आणि पुष्कळ रेडकं महिन्याच्या आत याच जंतांनी जातात. उत्तम वळूची लेक वीस दिवसांत गेलेली मी इतक्या घरांत पाहिली आहे की हे लिहिताना हात थांबत नाही.

आता ते ‘रेडीच होणारं’ इंजेक्शन. ते खरं आहे. मादी होणाऱ्या शुक्राणूत गुणसूत्रांचा ऐवज नर होणाऱ्या शुक्राणूपेक्षा सुमारे चार टक्के जास्त असतो. त्या फरकावरून ते वेगळे काढतात आणि शंभरातली नव्वदच्या आसपास वासरं मादी होतात. पण साध्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात, तर यात वीस लाखांच्या घरात. म्हणून माज बरोबर ओळखता आला नाही तर ते फुकट जातं. तरुण, निरोगी, पहिल्या-दुसऱ्या वेताच्या जनावराला ते वापरावं. म्हशीचा माज मुका असतो, तेव्हा चंद्रीला यंदा साधी कांडीच घाला. आणि घालायचं ते दवाखान्याच्या किंवा दूध संघाच्या माणसाकडून. गावात येऊन सांगून गेलेल्या माणसाकडे पावती आहे का, कांडीवर केंद्राचं नाव आणि वळूचा नंबर आहे का, हे आधी बघा.

गाईबद्दल थोडक्यात. तीनदा उलटली म्हणजे चौथी कांडी घालायची वेळ नाही, डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्यायची वेळ आहे. खनिज मिश्रण सुरू आहे का? नसेल तर आजपासून द्या. ती फळेल तेव्हा मात्र पुन्हा शंभर टक्के एचएफचं रेत घालू नका. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत लोक मागायचे म्हणून मी पिढ्यामागून पिढ्या शुद्ध एचएफच भरत गेलो. पहिली पिढी फार सुरेख निघाली, कारण दोन दूरच्या जातींचा पहिला जोम तिच्यात होता. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या गाई एप्रिलमध्ये जीभ काढून धापा टाकायच्या, गोचीड तापानं आडव्या व्हायच्या. लोकांनी माझ्यावर भरवसा टाकला होता. परदेशी रक्त निम्म्यावर, फार तर साठ-बासष्ट टक्क्यांवर थांबवा. संकरित वळूचं किंवा गीर, साहिवालसारख्या देशी वळूचं रेत मागा. सासूबाईंची म्हातारी गाय आहे तशीच सुखानं राहू द्या.

शेळ्यांकडे मात्र याच महिन्यात लक्ष द्या. तुमच्या सगळ्या गोठ्यात लवकर आणि स्वस्तात सुधारणा होणार असेल तर ती इथे. घरचा बोकड म्हणजे घरच्याच शेळीचा मुलगा. तो आईवर जातो, बहिणींवर जातो, पुढे लेकींवर. बाप-लेकीच्या करडात जनुकांच्या चार जोड्यांमागे एक जोडी सारखीच होऊन बसण्याचा संभव असतो, आणि रक्तात दडलेले दोष तिथे वर येतात. जुळी कमी होतात, करडं अशक्त निपजतात, पाटी म्हणजे तरुण शेळ्या उशिरा माजावर येतात. तुम्ही लिहिलं नाहीत, पण आठवून बघा, तीन-चार वर्षांपूर्वी जुळी जास्त होत होती ना?

हा बोकड विका आणि लांबच्या गावातला, जुळ्यातला, भरपूर दुधाच्या शेळीचा बोकड आणा. उस्मानाबादी चालेल. तुमच्याकडचा पाऊस बघता मी आधी कोकण कन्याळ बघेन. घाट उतरलं की सिंधुदुर्ग, तिथलीच ही शेळी, तोंडावर दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे असलेली, ओलीला आणि डोंगराला सरावलेली. एकट्यानं घेणं जड वाटलं तर बचत गटातल्या चौघी मिळून एक घ्या आणि दर दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी अदलाबदल करा. शेळी पाच महिन्यांत व्याते, वर्षाच्या आत फरक तुमच्या डोळ्यांना दिसेल. दिरांचा विश्वास बसायलाही याचीच मदत होईल.

आपल्या भागाला हे काम नवं नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काळ्या रानात ओढकामाला भक्कम बैल हवा, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पटवर्धन संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांक्रेज आणि इथली गावरान जनावरं मिळवून कृष्णाकाठची म्हणजे कृष्णा व्हॅली जात घडवली. पुढे ट्रॅक्टर आले, बैलाचं काम गेलं आणि ती जात आता थोड्याच गोठ्यांत उरली आहे. चंद्रीसारख्या म्हशी आपण एकेक करून विकत गेलो तर धारवाडीचंही तसंच होईल, याची मला काळजी वाटते.

दिरांशी भांडू नका. घर वर यावं म्हणूनच ते बोलतायत. त्यांना म्हणा, दोन म्हशींच्या हप्त्याची जी रक्कम तुम्ही धरली होती, तिच्यातली थोडी यंदा गोठ्याची फरशी उंच करायला, बांधावर हत्तीगवत आणि शेवरी लावायला द्या. वैरण वाढली की पुढचं जनावर घ्यायचा विचार करता येईल. आणि जनावरांचं सगळं काम तुम्ही करता, तर डेअरीचं सभासदत्व आणि पासबुक तुमच्या नावावर असावं, हेही याच बैठकीत सांगून टाका. सासूबाई तुमच्या बाजूनं बोलतील असं पत्रावरून वाटतं.

एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक जनावराला चार पानं. वर कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लिहा. खाली व्याल्याची तारीख, माजाची तारीख, भरवल्याची तारीख, वळूचा नंबर. महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी सकाळ-संध्याकाळचं दूध मोजून लिहायचं, त्याची तीसपट म्हणजे महिन्याचं दूध. रेतन करणाऱ्याला सांगून त्याच्या मोबाईलवरही बिल्ल्याच्या नंबराखाली नोंद करायला लावा, म्हणजे रेडीचा बाप कोण हे सरकारी नोंदीतही राहील.

चंद्रीच्या माजाची वाट आता थंडीतच बघा. म्हशी त्या दिवसांत जास्त माजावर येतात. ती हंबरेलच असं नाही. रात्री दहाला झोपायच्या आधी आणि पहाटे पाचला बॅटरी घेऊन तिच्या मागे बघा. काचेसारखा चिकट सोट म्हणजे स्राव, वरचेवर थोडी थोडी लघवी, एकदम घटलेलं दूध, यांतलं काही दिसलं की समजा. पहाटे दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. कांडी कोमट पाण्यात, ३७ अंशांच्या, अर्धा मिनिट धरलेली तुमच्या डोळ्यांनी बघा. खिशात किंवा तळहातावर चोळून गरम करू देऊ नका. मग एकविसाव्या दिवसाच्या मागेपुढे तीन-तीन दिवस पुन्हा लक्ष ठेवा, आणि उलटली नाही तर अडीच-तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्या.

रेडी झाली की मला कळवा. रेडा झाला तरी कळवा, त्यालाही पहिल्या तासात चीक पाजा, आणि पुढच्या खेपेच्या कांडीचं आपण तेव्हा बोलू.